वजन घेतो

बाथरूम एवढंसं. दार उघडलं की समोर खिडकी, डाव्या हाताला बेसिन, आणि उरलेल्या कोपऱ्यात आईचं स्टूल. त्याच स्टुलावरून आई एकदा घसरली. दाराला आतून कडी, तिला उठता येईना, आणि लेक बाहेरून दार बडवतेय, असा सगळा प्रकार झाला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून लेकीने मनाशी पक्कं केलं, की हे बाथरूम फोडायचं आणि आईसाठी टब बसवायचा. डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. गुडघे झिजलेत, रोज कोमट पाण्यात बसवा, आराम पडेल.

लेक वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले काटे तिच्या टेबलावर येत आणि खरं बोलायला शिकून परत जात. तिथे सगळे तिला काटेबाई म्हणत. घरी नवऱ्यानेही तेच नाव उचललं होतं, कारण चहात साखर घालतानाही ती चमचा डोळ्यांसमोर धरून बघायची. कुठलीही वस्तू हातात घेतली की वजन सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. अशा बाईने टब घ्यायचा म्हणजे तो डोळे मिटून घेतला जाणार नव्हताच. छोटा हवा, खोल हवा, आणि मुख्य म्हणजे मजबूत हवा. आई अंगाने चांगली भरलेली. टब मधोमध तडकला आणि ती पुन्हा पडली, तर पुढच्या वेळी नशीब कामाला येईलच असं नाही.

दुकानं फिरून फिरून दोघांचे पाय मोडले. छोटे टब होते ते बाहुलीला आंघोळ घालायच्या लायकीचे, आणि मजबूत होते ते दारातून आत येणार नाहीत एवढे. काटेबाई प्रत्येक टबात वाकून तळावर दोन्ही हातांनी जोर द्यायची. तळ डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत जायचा. मग ती विचारायची, "वजन किती घेईल?" विक्रेते आधी तिच्याकडे, मग नवऱ्याच्या पोटाकडे बघत.

"माझ्याकडे काय बघताय?" नवरा म्हणे. "मी बादलीवाला माणूस आहे."

शेवटी कुणीतरी त्यांना गावाबाहेरच्या रस्त्यावरचं एक दुकान सांगितलं. पाडलेल्या इमारतींतलं सामान तिथे विकायला ठेवत. दारं, जाळ्या, नळ, बेसिनं यांच्या ढिगातून वाट काढत दोघं आत गेली, तर अगदी मागे, भिंतीला लागून तो टब होता. तोकडा, खोल, जाड गोल काठाचा. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, दुधावरच्या सायीचा रंग. कुठे टवका उडालेला नाही, ओरखडा नाही. काटेबाईने तळावर जोर दिला. काही नाही. चपला काढून ती आत उतरली आणि सरळ उडी मारली. तरीही काही नाही. आवाजसुद्धा झाला नाही.

दुकानदार गल्ल्यामागे बसून हे बघत होता. किडकिडीत माणूस, अंगात जाडजूड कोट. तो जागचा हलला नाही.

"वजन किती घेईल हा?" तिने तिथूनच विचारलं.

"घेतो."

"हो, पण किती?"

"जेवढं असेल तेवढं."

नवरा हसायला लागला. "झालं! काटेबाईंना शेवटी जोडीदार भेटला."

दुकानदार हसला नाही. "वजन घेतो, बाई, त्याची काळजी नको. पण एकदा घेतलेलं परत नाही."

"वाचली पाटी," काटेबाई म्हणाली. त्याच्या डोक्यावर तशी पाटी होतीच, कुठल्या दुकानात नसते? तिने टेप काढून लांबी, रुंदी, खोली मोजली, पुन्हा मोजली, आणि टब घेतला.

तो वर चढवायला चार माणसं लागतील असा तिचा हिशेब होता. प्रत्यक्षात प्लंबर आणि नवरा दोघांनीच तो जिन्याने वर आणला, तेही गप्पा मारत. "ताई, हे लोखंड नव्हे," प्लंबर म्हणाला. "लोखंड असतं तर आम्ही दोघं अजून पहिल्या वळणावरच बसलो असतो." काटेबाईने एक बाजू उचलून पाहिली. डोळा एक सांगत होता आणि हात भलतंच सांगत होता. नोकरीला लागल्यापासून या दोघांचं तिच्या बाबतीत कधी भांडण झालं नव्हतं. काहीतरी नवं मिश्रण असेल, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

नव्या फरशीवर टब बसला आणि आई त्यात पहिल्यांदा उतरली तेव्हा घरात नुसता आनंदीआनंद होता. काटेबाई दाराबाहेर कान लावून उभी. बऱ्याच वेळाने आई बाहेर आली ती लालबुंद चेहऱ्याने, हसत.

"किती हलकं वाटतंय गं!"

"बघा आई," जावई म्हणाला, "तुमच्या लेकीने आम्हाला गावभर फिरवलं, त्याचं चीज झालं."

"झालं हो जावईबापू. तुमचे पाय दुखले, माझे दुखायचे राहिले."

आणि ते खरंच होतं. आठवडाभरात आई काठी विसरायला लागली. सोफ्यावरून उठताना 'आई गं' म्हणायची सवय होती, ती गेली. एके दिवशी काटेबाई कामावरून येते तर आई खाली भाजी आणायला जाऊन जिना चढून वर आलेली, आणि धाप नाही. रोज आंघोळ झाली की तेच एक वाक्य. हलकं वाटतंय. काल वाटत होतं त्यापेक्षाही हलकं. काटेबाईला एवढं समाधान कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. हे वाक्य माणूस बरं वाटलं की म्हणतो. ते कुणी शब्दशः घेतं का?

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते कान देऊन ऐकल्यामुळे नव्हे, तर काही ऐकू न आल्यामुळे. ती ओट्यापाशी काकडी चिरत होती आणि आई तिच्या खांद्यामागून बोलली. काटेबाई एवढी दचकली की सुरी बोटाला लागली. आईच्या सपाता फटक फटक वाजायच्या, शेजारच्यांना कळायचं ती कुठल्या खोलीत आहे ते. आता सपाता त्याच होत्या, पायांत होत्या, आणि वाजत नव्हत्या.

मग एकेक दिसायला लागलं. आई सोफ्यावर बसायची तेव्हा गादी दबायची नाही. सकाळी तिच्या अंथरुणाची चादर काल रात्री घातली तशीच असायची, एक सुरकुती नाही. पंखा मोठा केला की ती खिडकीच्या गजाला हात लावून उभी राहायची. सहज, कुणाच्या लक्षातही येऊ नये असं. काटेबाईच्या लक्षात आलं. एकदा आईला खुर्चीतून उठवायला तिने हात पुढे केला, आईने तो धरला. हात गुबगुबीत होता, उबदार होता, बांगडी मनगटात नेहमीसारखी रुतलेली होती. पण वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही धरावी तसा तो लागत होता.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून काटा घरी आणला. आधी त्यावर तपासायची वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. मग आईला उभं केलं. काटा थोडासा हलला आणि थांबला. नुकतं शाळेत जायला लागलेलं पोर चढलं की तो तिथे थांबतो.

"उतर. परत चढ."

आई चढली. काटा तिथेच.

"बिघडलाय तुझा काटा," आई हसत म्हणाली. "घरी आणून आपटलास कुठेतरी."

काटेबाईने पुन्हा वजनं ठेवली. काटा बरोबर होता. आरशात आई नेहमीचीच होती. तेच भरलेले गाल, तेच दंड, झग्याच्या शिवणी तशाच ताणलेल्या. कुठेही ती तसूभर कमी झालेली नव्हती. काटेबाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की काटा खोटा निघावा.

तिने आईला दवाखान्यात नेलं. रक्त चांगलं, छाती चांगली, डॉक्टर खूश. नर्सने आईला वजनकाट्यावर उभं केलं, काट्यावर टिचकी मारली, 'हा मेला पुन्हा अडकला' म्हणाली आणि मागच्या वेळचंच वजन लिहून टाकलं. काटेबाई तिला काही सांगणार होती. पण काय सांगणार? ती आईचा दंड घट्ट धरून बाहेर आली, कारण रस्त्यावर वारा सुटला होता.

घरी आल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि टबाकडे नीट बघितलं. टबाभोवतीची नवी फरशी आत कलली होती. कडेला ठेवलेला साबण आपला आपण घरंगळत टबाकडे गेला.

प्लंबरला बोलावलं. त्याने पहार लावली, अंग टाकलं, मग नवऱ्यालाही बोलावून दोघांनी मिळून जोर केला. पहार वाकली. टब केसभरही हलला नाही.

"ताई, यात काय ओतलंत? हा मीच वर आणलाय ना या हातांनी?"

"काहीच नाही ओतलं."

"मग हा काढायचा तर आधी इमारत काढावी लागेल." त्याने अवजारं गोळा केली आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेला. बाथरूमचं बेसिन त्याच्या शेजारीच होतं, तरी.

त्या संध्याकाळी काटेबाईने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने सासूबाईंचा हात हातात घेऊन पाहिला, आणि उठून पंखा बंद केला.

"आई, उद्यापासून त्या टबात उतरायचं नाही," काटेबाई म्हणाली.

"का?"

"तुझं वजन जातंय."

"मग जाऊ दे की. या वजनाने मला काय सुख दिलं? जिना चढताना रडवलं, उठताबसता रडवलं. तू लहान होतीस तेव्हापासून एक पाऊल न दुखता टाकल्याचं मला आठवत नाही. आता कुठे दोन दिवस बरे आलेत, तर तू..."

"आई, तू संपत चालली आहेस."

"मी इथे तुझ्यासमोर बसलेय, धडधाकट. दुखणं गेलं म्हणून कुणी रडतं का वेडे?"

काटेबाई रडत होती हे तिला स्वतःलाही आईने म्हटल्यावर कळलं. ती आईला समजावत राहिली, आई ऐकत राहिली, आणि शेवटी 'बरं बाई' म्हणाली. पण आईचं 'बरं बाई' काय असतं हे लेकीला ठाऊक होतं. सकाळी कामावर जाताना तिने टबाचं रबरी बूच काढून पर्समध्ये टाकलं आणि कारखान्याऐवजी थेट ते दुकान गाठलं.

दुकानदार गल्ल्यामागे तसाच बसला होता. उकाडा मी म्हणत होता आणि याच्या अंगात तोच कोट.

"तुम्ही म्हणालात, वजन घेतो."

"घेत नाही का?"

"मी विचारलं होतं ते पेलण्याचं!" काटेबाईचा आवाज चढला. "सगळे असंच विचारतात. हा खांब वजन घेईल का, ही फळी वजन घेईल का. त्याचा अर्थ पेलेल का!"

"मग पेलेल का, असं विचारायचं होतं, बाई. मी तर आहे तेच सांगितलं. घेतो म्हणून."

"परत कसं मिळवायचं ते सांगा."

त्याने मान हलवली. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला आणि दारातून वाऱ्याचा झोत आत आला. दुकानदाराने दोन्ही हातांनी गल्ला धरला. झोत ओसरल्यावर तो उठून दार लोटायला गेला, तेव्हा प्रत्येक पावलाला त्याच्या कोटाचे खिसे खणखणले. पितळी नळ होते त्यांत, भरून.

"रोज किती वेळ बसतात त्या?" त्याने विचारलं.

काटेबाई वळली. ती धावत सुटली.

घराचं कुलूप उघडतानाच पाण्याचा आवाज आला. बूच पर्समध्ये होतं. ते तिने चाचपूनही पाहिलं.

"आई!"

"आहे गं इथेच." बाथरूममधून आवाज आला. निवांत, थोडासा अपराधी.

"बाहेर ये."

"आलेच. झालंच माझं."

"कडी काढ आधी!"

आत थोडी हालचाल झाली. "काढली असती गं. पण खाली पाय पोचत नाहीये."

काटेबाईने दाराला खांदा दिला. पुन्हा दिला. कडी निखळली.

भोकात जुना पंचा कोंबून आईने टब काठोकाठ भरला होता. वाफ होती. खिडकी अर्धी उघडी.

आई टबात होती. पाण्यात नव्हती.

ती पाण्यावर बसली होती. मांडी घालून, ओल्या झग्यात, बेसिनच्या नळाला एका हाताने धरून. खाली पाणी सपाट होतं. एक तरंग नाही.

"रागावू नकोस," आई म्हणाली. "एकदाच शेवटचं म्हणून बसले."

काटेबाईने आधी खिडकी लावली. मग तिने आईला उचललं. उचललं म्हणायचं एवढंच. झगा ओला होता, त्याचं वजन लागलं. तेवढंच लागलं.

बाहेरच्या खोलीत आणून तिने आईला सोफ्यावर बसवलं. पंखा बंद केला. सगळ्या खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत पायपुसणं सारलं. ओला झगा काढून कोरडा चढवला आणि वर पांघरूण घातलं. आईने लगेच तोंड वाकडं केलं.

"काढ गं ते. चेपल्यासारखं होतंय."

पातळ सुती चादर होती. काटेबाईने ती काढली. ती शेजारी बसली आणि आईचा हात आपल्या मुठीत धरला. दुसऱ्या हाताने नवऱ्याला फोन लावला.

"लगेच ये. आणि हे बघ, दार हळू उघड."

"का? काय झालंय?"

"हळू उघड म्हटलं ना."

मग दोघी बसून राहिल्या. दुपारचं ऊन खिडकीच्या काचेतून फरशीवर आलं होतं. आई बोलत होती, काटेबाई ऐकत होती. लहानपणी तू माझा हात धरून झोपायचीस, सोडवायला गेले की जागी व्हायचीस, असं काहीबाही. बोलता बोलता ती मध्येच थांबे आणि काटेबाई मूठ आवळे.

"दुखतंय का, आई?"

"छे! काहीच दुखत नाही. काही म्हणजे काहीच लागत नाही." आई हसली. "तू इतकी घट्ट धरू नकोस. कुठे जाणार आहे मी?"

"कुठे नाही."

"भीती वाटते का तुला?"

"हो," काटेबाई म्हणाली. "फार वाटते."

जिन्यात पावलं वाजली. धावत येणारी. किल्ली खडखडली.

"हळू!" ती ओरडली.

तो घाबरलेला होता, धापा टाकत होता. दार धाडकन उघडलं. पडदे एकदम फडफडले, टेबलावरचं वर्तमानपत्र उडून पसरलं, आणि काटेबाईने डोळे घट्ट मिटून मूठ छातीशी ओढली.

"लाव! दार लाव आधी!"

दार लागलं. पडदे खाली आले. खोलीत कागदांची थोडी सळसळ झाली आणि तीही थांबली. तिने डोळे उघडले, पण ती नवऱ्याकडेच बघत राहिली.

तो दारापाशी उभा होता. त्याची नजर सोफ्यावर होती, तिच्या शेजारी. मग ती स्वयंपाकघराकडे गेली, बाथरूमच्या मोडक्या दाराकडे गेली आणि परत आली.

"आई कुठे आहेत?" त्याने विचारलं.

काटेबाईने शेजारी वळून पाहिलं नाही. तिने मूठ आणखी घट्ट केली. मुठीत काहीच लागत नव्हतं. पण ते तर मघापासूनच लागत नव्हतं.